आवळण्याचे माप : गॅरेजपासून दाताच्या इम्प्लांटपर्यंत

राहुरी तालुक्यात ऊस, ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी यांच्यावर कितीतरी कारागिरांची रोजी-रोटी अवलंबून आहे. नगर-मनमाड रस्त्यावरील गॅरेज, वेल्डिंगची दुकाने, मोटार रिवाइंडिंग, पंपदुरुस्ती या धंद्यांत आपले बांधवही आहेत. या सर्व कामांत एक क्रिया दिवसातून शंभर वेळा घडते, ती म्हणजे नट-बोल्ट आवळणे. यात शिकण्यासारखे काय आहे, घट्ट होईपर्यंत पाना ओढला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कोणत्या मापाने, कोणत्या क्रमाने आणि किती टप्प्यांत आवळले यावर दोन भाग एकमेकांवर कसे बसतील हे ठरते.

हाच प्रश्न आता दाताच्या दवाखान्यात येऊन पोहोचला आहे. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूची खुंटी बसवून त्यावर नवा दात उभा करतात. त्याला इम्प्लांट म्हणतात. आपल्या भागातील रुग्णांना त्यासाठी अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) किंवा लोणीच्या रूरल डेंटल कॉलेजसारख्या ठिकाणी जाता येते. एका दातामागे हजारो रुपये खर्च होतात. असा दात वर्षभरात हलू लागला तर रुग्ण डॉक्टरला दोष देतो, डॉक्टर दात बनवणाऱ्या लॅबला दोष देतो आणि लॅबवाला म्हणतो, "माझ्या साच्यावर तर बरोबर बसत होता." अनेकदा तिघेही प्रामाणिक असतात. गडबड झालेली असते ती स्क्रू आवळण्याच्या पद्धतीत. दंत लॅबमध्ये काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या तरुणांनी आणि पैसे खर्च करणाऱ्या रुग्णांनी हा विषय समजून घेतला पाहिजे. गॅरेजमधील मिस्त्रींना तर तो चटकन समजेल.

इम्प्लांटचे भाग

स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करताना असे आढळले की, टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो आणि मग सहजासहजी निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या खुंट्या बसवल्या. आजचे बहुतेक इम्प्लांट त्याच शोधावर उभे आहेत.

यात साधारण तीन भाग असतात. पहिला भाग हाडात बसलेली खुंटी. तिला आतून आटे असतात. दुसरा भाग हिरडीच्या वर येणारा आधार, त्याला अबटमेंट म्हणतात. तिसरा भाग वरची टोपी, म्हणजे दिसणारा दात. अबटमेंट खुंटीला एका बारीक स्क्रूने जोडलेले असते. हा स्क्रू जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि चावण्याचा सगळा भार या जोडावर येतो.

स्क्रू धरतो कसा?

स्क्रू आट्यांत अडकतो म्हणून धरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते आठवावे. धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आकसू पाहते, पण चाक तिला आकसू देत नाही. त्यामुळे ती ताणलेली राहते आणि तो ताणच चाकाला आवळून धरतो. बोल्टचेही तसेच आहे. आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि स्प्रिंगप्रमाणे पुन्हा आखूड होऊ पाहतो. या ओढीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात.

जोवर हा दाब बाहेरून येणाऱ्या जोरापेक्षा जास्त आहे तोवर जोड उघडत नाही. दाब कमी पडला की प्रत्येक घासागणिक जोड सूक्ष्मपणे उघडतो आणि मिटतो. स्क्रू आधी सैल पडतो, मग वाकून वाकून थकतो आणि एके दिवशी तुटतो. आतच तुटलेला स्क्रू काढणे किती अवघड असते, हे इंजिनच्या ब्लॉकमध्ये तुटलेला स्टड काढलेल्या मिस्त्रीला सांगायला नको.

उलट प्रमाणाबाहेर आवळले तर बोल्ट कायमचा लांबतो. मग त्याची स्प्रिंगसारखी ओढ संपते आणि तो हाताला घट्ट लागत असूनही धरत नाही. म्हणून 'जेवढे जास्त तेवढे चांगले' हा नियम येथे लागू होत नाही.

किती आवळायचे?

आवळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात, मराठीत पीळ म्हणता येईल. बहुतेक कंपन्या अबटमेंटच्या स्क्रूसाठी ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर पीळ सांगतात. ब्रिज धरणारे छोटे स्क्रू १० ते १५ वरच थांबवायचे असतात. नेमका आकडा त्या त्या कंपनीचा पाळावा लागतो.

३५ न्यूटन सेंटिमीटर म्हणजे किती? १० सेंटिमीटर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला सुमारे ३५० ग्रॅम वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा. मोटारीच्या चाकाचा नट सुमारे १०० न्यूटन मीटरला आवळतात, म्हणजे दाताच्या स्क्रूच्या जवळजवळ ३०० पट. एवढ्या नाजूक मापात हाताचा अंदाज चुकणे साहजिक आहे. दंतवैद्यांकडून नुसत्या हाताने स्क्रू आवळून घेऊन मोजमाप केले गेले, तेव्हा माणसामाणसांत मोठा फरक दिसला. एकच माणूसही प्रत्येक वेळी सारखा पीळ देऊ शकला नाही. बोटांत धरायच्या छोट्या पेचकसाने ३५ पर्यंत पोहोचणे तर बहुतेकांना जमत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. आपण जेवढा पीळ देतो त्याचा साधारण दहावा हिस्साच स्क्रूला ताणण्यात कामी येतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी ताण बराच बदलतो. तेल लावलेला बोल्ट आणि गंजलेला बोल्ट एकाच मापाने आवळले तर दोघांचा ताण वेगवेगळा निघतो, हे गॅरेजमध्ये माहीत असते. तोंडात तेलाची जागा लाळ आणि रक्त घेतात. त्यात टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की ते एकमेकांना चिकटून खरवडले जाते. म्हणून काही कंपन्या स्क्रूवर सोन्याचा किंवा दुसरा गुळगुळीत मुलामा देतात. वारंवार काढ-घाल केलेल्या स्क्रूचा पृष्ठभाग बदललेला असतो. यासाठी लॅबमध्ये कामाला वेगळा स्क्रू वापरावा आणि रुग्णाच्या तोंडात शेवटी कोरा स्क्रू घालावा, अशी पद्धत आहे.

पाना खरा आहे का?

माप पाळायचे तर टॉर्क पाना हवा. दंतवैद्यकात तो दोन प्रकारचा मिळतो. एकात पट्टी वाकते आणि काटा खुणेवर येतो. दुसऱ्यात ठरलेला पीळ होताच पान्याची मान मुडपते. काही चाचण्यांत पहिल्या प्रकारचे माप जास्त सारखे निघाले, दुसऱ्या प्रकारचे पाने वापराने बदललेले आढळले. पाना प्रत्येक रुग्णानंतर वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करावा लागतो. त्या उष्णतेचा, ओलाव्याचा आणि आत साचलेल्या घाणीचा परिणाम स्प्रिंगवर होतो. कारखान्यांतील हाती टॉर्क पान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी सुचवलेली आहे. दवाखान्यातला पाना मात्र खरेदीनंतर कधी तपासला गेला, याचे उत्तर अनेक ठिकाणी मिळणार नाही.

वजन-मापात घट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिलेला आहे. आपला दुकानदार तराजू तपासून घेतो, त्याचप्रमाणे कारागिराने आपला पाना तपासून घेणे हाही त्याच प्रामाणिकपणाचा भाग मानला पाहिजे.

दहा मिनिटांनी पुन्हा

ट्रकचे चाक बदलल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळावेत, असे सांगतात. याचे कारण असे की, कोणताही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. दाब आला की ते चेपतात, भाग किंचित जवळ येतात आणि बोल्टचा ताण उतरतो. इम्प्लांटच्या स्क्रूमध्ये सुरुवातीच्या ताणापैकी २ ते १० टक्के ताण अशा रीतीने पहिल्या काही मिनिटांतच जातो, असे मोजले गेले आहे. उपाय साधा आहे. ठरलेल्या मापाने आवळावे, सुमारे १० मिनिटे थांबावे आणि त्याच मापाने पुन्हा एकदा आवळावे. यात पैसा लागत नाही. तरीही गर्दीच्या वेळी हीच पायरी प्रथम वगळली जाते.

लॅब आणि तोंड : खरा तंटा येथे आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचे माप घेतो आणि लॅबकडे पाठवतो. लॅबमध्ये प्लास्टरचा साचा तयार होतो. त्यात खुंटीच्या जागी तिची हुबेहूब नक्कल बसवतात, तिला अॅनालॉग म्हणतात. या नकलेवर अबटमेंट आवळून त्यावर दात घडवला जातो. कारागीर येथे बहुधा हातानेच आवळतो, कारण त्याला दिवसातून दहा वेळा काढ-घाल करायची असते. तयार दात दवाखान्यात जातो आणि डॉक्टर तो तोंडात ३५ च्या मापाने आवळतो.

जुन्या पद्धतीच्या सपाट जोडात अबटमेंट खुंटीच्या सपाट माथ्यावर टेकते. तेथे जास्त आवळल्याने उंची फारशी बदलत नाही. आजच्या बऱ्याच इम्प्लांटमध्ये मात्र निमुळता जोड असतो. लेथच्या टेलस्टॉकमध्ये निमुळता सेंटर ठोकला की तो आत रुततो आणि गच्च बसतो, तसा हा जोड. त्याची पकड चांगली असते, पण एक गुण ध्यानात ठेवावा लागतो. जेवढा पीळ जास्त तेवढे अबटमेंट आत उतरते. हाताने आवळलेल्या स्थितीपासून ३५ पर्यंत जाताना ते कित्येक मायक्रॉन खाली जाऊ शकते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.)

परिणाम असा की, लॅबमध्ये ज्या उंचीवर दात घडवला त्या उंचीवर तो तोंडात राहत नाही. तो खाली उतरतो, समोरच्या दाताशी त्याची गाठ पडत नाही आणि शेजारच्या दातांशी असलेला स्पर्शही बदलतो. उलट साच्यावर जास्त आणि तोंडात कमी आवळले तर दात उंच लागतो. एकट्या दातात डॉक्टर घासून-पुसून वेळ मारून नेतो. चार खुंट्यांवरचा ब्रिज असेल आणि चारही अबटमेंट वेगवेगळ्या अंतराने खाली गेले असतील, तर ब्रिज डुगडुगतो. मग काम परत जाते, धातू वाया जातो, मजुरी बुडते आणि जुने संबंध बिघडतात.

तेव्हा नियम असा करावा: माप घेताना, साच्यावर घडवताना आणि तोंडात बसवताना, तिन्ही ठिकाणी आवळण्याचे माप एकच असावे. काम चालू असताना हाताने आवळले तरी चालेल. उंची आणि बैठक तपासण्याची वेळ आली की लॅबनेही टॉर्क पानाच वापरावा. अॅनालॉगही वापराने झिजतो, म्हणून तोच पुन्हा पुन्हा वापरून काटकसर करू नये.

ब्रिज आवळण्याचा क्रम

डिझेल इंजिनचे हेड बसवताना मिस्त्री एका टोकाकडून सुरुवात करत नाही. तो मधल्या बोल्टपासून आळीपाळीने बाहेर जातो आणि दोन-तीन टप्प्यांत पूर्ण माप गाठतो. तसे न केल्यास हेड वाकते आणि गॅस्केट फुंकते. पाण्याच्या पाइपाचे फ्लँज आवळतानाही समोरासमोरचे बोल्ट घेतात. अनेक खुंट्यांवरच्या ब्रिजला हाच न्याय लागतो. आधी सर्व स्क्रू हलके टेकवावेत, मग मधून बाहेर जात अर्ध्या मापापर्यंत आणि शेवटी पूर्ण मापापर्यंत आवळावेत.

मात्र क्रम पाळला म्हणून वाकडे काम सरळ होत नाही. ब्रिज मुळातच नीट बसत नसेल तर स्क्रू त्याला ओढून खाली आणतो. डोळ्यांना फट दिसत नाही, पण फटीची जागा ताणाने घेतलेली असते. तो ताण ब्रिजमध्ये, स्क्रूमध्ये आणि हाडात राहतो. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती नरम पडदा असतो, त्यामुळे तो दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन दबून जुळवून घेतो. इम्प्लांट हाडात थेट रुतलेला असल्याने जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. त्याच्याकडे जुळवून घेण्याची सोय नाही.

म्हणून आवळण्याआधी पारख करावी. तिच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, ब्रिजच्या एका टोकाचाच स्क्रू आवळावा आणि दुसऱ्या टोकाला फट उघडते का ते पाहावे. फट दिसली तर काम नीट बसत नाही. दुसरी रीत, स्क्रू फिरवताना पहिला अडसर लागला की खूण धरावी. तेथून पूर्ण मापापर्यंत जायला अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावे लागले, तर स्क्रू घट्ट होत नसून ब्रिजला ओढत आहे असे समजावे. अशा वेळी जोर न लावता ब्रिज कापून पुन्हा जोडणे किंवा नव्याने माप घेणे हाच मार्ग असतो.

सोन्याचा स्क्रू चालतो का?

काही इम्प्लांटमध्ये सोन्याच्या मिश्रधातूचा किंवा मुलाम्याचा स्क्रू असतो. पुरुषांना सोने वर्ज्य असल्याने काहींच्या मनात शंका येते. हजरत अर्फजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले, अशी हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. दात बांधण्याबाबत इमाम अबू हनीफा यांनी चांदी पुरेशी मानली, तर त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही परवानगी दिली. आज बहुतेक स्क्रू टायटॅनियमचे असल्याने हा प्रश्न क्वचितच येतो. आला तर डॉक्टरला धातू विचारून घ्यावा आणि आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

हा विषय आपल्याला परकाही नाही. कुर्तुबाचे थोर शल्यवैद्य अल-जहरावी (सुमारे ९३६ ते १०१३) यांनी आपल्या 'अत-तस्रीफ' या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत दिली आहे. पडलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा दात कोरून बसवण्याचाही त्यात उल्लेख आहे. चांदीपेक्षा सोन्याची तार का घ्यावी याचे कारणही त्यांनी दिले: चांदी काही दिवसांत खराब होते. हजार वर्षांपूर्वी साहित्याची निवड कारणासहित लिहून ठेवणारा हा माणूस आजच्या कारागिरालाही धडा देतो.

तरुणांसाठी संधी

दात बनवणाऱ्या कारागिराला डेंटल मेकॅनिक म्हणतात. १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टमध्येच या वर्गाची स्वतंत्र नोंद होती. २०२३ मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा मंजूर केला. मेणात आकार कोरणे, त्याभोवती साचा करणे, मेण जाळून धातू ओतणे आणि पॉलिश करणे ही कामे सोनाराच्या ओतकामासारखीच आहेत. आता संगणकावर आकार काढून यंत्राने कोरण्याची पद्धतही आली आहे. हात बसलेल्या घरांतील मुला-मुलींनी रीतसर अभ्यासक्रम करून या धंद्यात यावे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता मात्र तपासून पाहावी.

लॅब चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी आजपासून कराव्यात. एक, स्वतःचा टॉर्क पाना ठेवावा आणि तो वर्षातून एकदा तपासावा. दुसरी, प्रत्येक कामासोबत चिठ्ठी पाठवावी: कोणत्या कंपनीचा इम्प्लांट, साच्यावर कोणत्या मापाने आवळला, कोरा स्क्रू सोबत दिला की नाही. उद्या वाद झाला तर ही चिठ्ठीच साक्ष देईल.

रुग्णांनी काय विचारावे?

इम्प्लांट करून घेणाऱ्यांनी डॉक्टरला नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा आहे आणि त्याचे कार्ड मिळेल का? स्क्रू टॉर्क पान्याने आवळणार का? काही मिनिटांनी पुन्हा आवळणार का? तपासणीला पुन्हा कधी यायचे? ते कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावे. दहा वर्षांनी स्क्रू बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा स्क्रू लागतो. बसवलेला दात किंचित जरी हलतो असे वाटले तरी त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे. सैल स्क्रू काही मिनिटांत आवळता येतो. तुटलेला स्क्रू मात्र कधी कधी संपूर्ण इम्प्लांट घेऊन जातो.